माळ्यावरचा संसार, सतरावा मजला

पत्र लांबलचक आहे, थोडं आखडून देते:

“ताई, आमची ठाण्याच्या नौपाड्यातली तीन मजली इमारत पुनर्विकासाला गेली आहे. करार नोंदवून झाले, आता नोव्हेंबरअखेर चाव्या द्यायच्या. तीन वर्षांसाठी घोडबंदर रोडला, कासारवडवलीजवळ, सतराव्या मजल्यावर भाड्याने वन बीएचके घेतलंय. आम्ही दोघं, दहावीतला मुलगा आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. इथे दोन मोठे माळे आहेत आणि त्यांवर एक्केचाळीस वर्षांचा संसार. तिथे माळाच नाही. मी रोज रात्री ‘द्यायचं’ म्हणून ढीग काढते आणि सकाळी उठून पाहते तर निम्मा ढीग जागच्या जागी. परवा अकरा रिकाम्या काचेच्या बरण्या, सहा पाट आणि पाण्याचं स्टीलचं पिंप असं परत गेलं. नवरा म्हणतो, पॅकर्सवाले सगळं करतात, तू कशाला डोकं लावतेस. सासूबाई भांडत नाहीत, बोलतच नाहीत. फक्त परत ठेवतात. सुरुवात कुठून करू? — एक सून, नौपाडा”

प्रिय सूनबाई,

आधी हसू आलं, कारण रात्रीचा ढीग आणि सकाळची जागा हा खेळ मी दोन्ही बाजूंनी खेळले आहे. २००९ मध्ये आम्ही कोपरीहून ऐरोलीला गेलो तेव्हा मी तुमच्या जागी होते. गेल्या वर्षी लेकीने माझं कपाट आवरायला घेतलं तेव्हा तुमच्या सासूबाईंच्या जागी. दुसरी जागा जास्त अवघड आहे, एवढं सांगून ठेवते.

सुरुवात ढिगापासून करू नका. ढीग म्हणजे रोज रात्री एक भांडण मांडायचं आणि सकाळी हरायचं. सुरुवात टेपपासून करा. एका रविवारी मुलाला घेऊन कासारवडवलीच्या घरी जा आणि सगळं मोजून आणा: भिंतींची लांबी, खिडक्यांची उंची, ओट्याखालच्या खणांची खोली, फ्रिजचा कोनाडा, बाथरूमचं दार. आणि लिफ्ट. लिफ्टच्या दाराची रुंदी, उंची, आतली खोली. तुमच्याकडे साडेसहा फुटी लोखंडी कपाट असणारच, त्या पिढीच्या प्रत्येक घरात आहे. नौपाड्यात तिसऱ्या मजल्यावरून ते चार हमाल जिन्याने उतरवतील. सतराव्या मजल्यावर जिन्याने कोणी चढवणार नाही. ते लिफ्टमध्ये जाणार की नाही हे आज कळलं तर विकता येतं, त्या दिवशी खाली पार्किंगमध्ये कळलं तर रडायची वेळ येते.

आता या मापांचं करायचं काय? माझ्या नणंदेने केलं ते करा. तिने जुन्या घराच्या जमिनीवर खडूने नवीन घर आखलं. हॉल अकरा बाय दहा, तर तेवढा चौकोन. त्यात दिवाण कुठे, कपाट कुठे, चालायला वाट किती. स्वयंपाकघर वेगळं आखलं. मग सासूबाईंना त्या खडूच्या स्वयंपाकघरात उभं केलं आणि विचारलं, “आई, तुम्ही बसून भाजी कुठे निवडाल?” त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, इथे माझा पाटसुद्धा बसत नाही.” त्या दिवसापर्यंत घरातला वाद सुनेचा आणि सासूचा होता. खडूची रेघ आल्यावर तो त्या दोघींचा आणि बिल्डरच्या नकाशाचा झाला. दोघी एका बाजूला आल्या. रेघ पुसून जाऊ नये म्हणून चार दिवस केर काढायला बंदी होती, हे वेगळं.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. कॅलेंडरवर आठवडे मोजू नका, सण मोजा. आपल्या घरांत आवराआवर सणांच्या मागेपुढेच होते. गणपती नुकतेच गेले. आता पितृपक्ष आहे. या पंधरवड्यात नवीन काही घेत नाहीत, पण जुनं काढायला याच्याइतका चांगला काळ नाही. सासूबाईंचाही विरोध कमी असेल. माळे आत्ता उतरवा. घटस्थापनेच्या आधी घर झाडायचं असतंच, त्यात भांड्यांची फळी घ्या. नवरात्रात काही करू नका, सगळ्यांना श्वास घेऊ द्या. दसऱ्यानंतर कागदपत्रं आणि कपडे. दिवाळी मात्र जुन्या घरात पूर्ण करा. सोऱ्या, झारा, पाकाची कढई, पणत्या, कंदिलाची वायर यांना भाऊबीजेपर्यंत हात लावायचा नाही. मी एका घरात पाहिलंय, हुशारीने महिनाभर आधी सगळं पॅक केलं आणि दिवाळीला चकल्या विकतच्या. सासू वर्षभर तेच सांगत होती. तुळशीचं लग्नही त्याच घराच्या खिडकीत लावा आणि मग निघा.

आता सासूबाई.

तुमच्या पत्रातली यादी मी पुन्हा वाचली. अकरा बरण्या, सहा पाट, एक पिंप. त्यांनी परत काय ठेवलं ते पाहा. जुन्या साड्यांचा ढीग त्यांनी जाऊ दिला, तुम्हीच पुढे लिहिलंय. तुटका टेबलफॅन जाऊ दिला. सासऱ्यांचा रेडिओसुद्धा जाऊ दिला! राहिले ते पाट. सहा पाट एकट्या बाईला लागत नाहीत, पंगतीला लागतात. अकरा बरण्या मला वाटतं फराळाच्या असाव्यात; शेजारीपाजारी डब्यातून द्यायचा आणि डबा परत यायची वाट बघायची, त्यापेक्षा बरणी बरी, असा जुन्या बायकांचा हिशेब असतो. खात्री करून घ्या, विचारा त्यांना. माझा अंदाज खरा असेल तर त्यांनी जपलेली प्रत्येक वस्तू माणसं घरी येतात तेव्हा लागणारी आहे. सतराव्या मजल्यावर, वॉचमनच्या वहीत नाव लिहून, मोबाइलवर परवानगी आल्यावर वर यायचं, अशा घरी घंटाळीच्या भजनी मंडळातल्या बायका येतील का? हा प्रश्न त्या विचारत नाहीयेत. पाट उचलून ठेवताहेत.

आणि याच्याखाली आणखी एक प्रश्न असेल. तीन वर्षं म्हणजे त्यांची एकोणऐंशी. बांधकाम लांबलं तर ऐंशी पार. “मी परत येईन का या घरी?” हे कोणी मोठ्याने बोलत नाही. तुम्हीही लगेच “अहो आई, असं काय बोलता” म्हणू नका. बोलल्याच तर ऐकून घ्या. आणि पुनर्विकासानंतरच्या घरात त्यांची खोली कोणती, खिडकी कुठे, देव्हारा कोणत्या भिंतीला, हे नकाशावर त्यांना दाखवा. नकाशा आहेच तुमच्याकडे, कराराला जोडलेला असतो. आमच्या शेजारच्या काकूंनी तो नकाशा देव्हाऱ्याच्या बाजूला चिकटवला होता. पाहुण्यांना दाखवायच्या, “ही माझी खोली, इथे उजेड चांगला येणार आहे.”

‘द्यायचं’ हा शब्द बदला. कोणाला द्यायचं ते आधी ठरवा, म्हणजे सासूबाईंना ठरवू द्या. “हे पाट काढू या का” याला उत्तर नाहीच येणार. “हे पाट कोणाकडे शोभतील” याला नाव येईल. दोन पाट ठेवा, देवापुढे आणि औक्षणाला लागतातच. चार जाऊ देत, त्यांनी नाव घेतलेल्या घरी, त्यांच्याच हाताने. बोहारणीला कपडे देताना त्यांनाच बसवा. घासाघीस त्या तुमच्यापेक्षा चांगली करतील आणि बदल्यात मिळालेलं पातेलं मोठ्या मानाने घरात आणतील. हो, एक पातेलं वाढेल. चालतं. पुस्तकं असतील तर वाचनालयाला फोन करून विचारा, न विचारता पोती नेऊन टाकू नका. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभं आहे, पण म्हणून त्यांनी आपल्या घरची दहावीची गाईडं सांभाळावीत असं नाही.

बरण्यांचं मला सुचतंय ते असं. या दिवाळीला त्या अकरा बरण्यांत चिवडा, शेव, शंकरपाळे भरा आणि बिल्डिंगमधल्या घरोघरी द्या, बरणीसकट. सगळेच उठून चाललेत, कोणी कळव्याला, कोणी मुलुंडला, कोणी बदलापूरला. ज्याच्याकडे बरणी त्याच्याकडे तुमच्या सासूबाईंचं काहीतरी राहील. बरणीच्या झाकणावर नवीन घराचा पत्ता चिकटवा. मुलाला प्रिंट काढायला सांगा.

पिंपाच्या बाबतीत मात्र मी सरळ सासूबाईंच्या बाजूने आहे. ते घेऊन जा! घोडबंदरच्या बऱ्याच सोसायट्यांत पाण्याचा टँकर ही नेहमीची गोष्ट आहे, उन्हाळ्यात तर फारच. नौपाड्यात बसून आपल्याला वाटतं टॉवर म्हणजे चोवीस तास पाणी. वरची टाकी रिकामी झाल्यावर सतरावा मजला आणि वाळवंट यांत फरक नाही. भाड्याचा करार झाला असला तरी वॉचमनला आणि खालच्या वाण्याला विचारा, पाणी कसं आहे. घरमालकाला विचारून उपयोग नाही. टँकरचं पाणी जड असेल तर गिझर आणि वॉशिंग मशीनवर क्षार चढतात, फिल्टर कोणता आहे तेही पाहा. आणि पिंप नेल्यावर सासूबाईंना एकदा सांगा, “आई, तुम्ही म्हणत होता ते बरोबर होतं.” इतक्या स्वस्तात एवढा मोठा फायदा बाकी कुठल्याच पॅकिंगमध्ये होणार नाही.

तुमचं स्थलांतर दोनदा होणार आहे, ही गोष्ट यजमानांच्या लक्षात आलेली दिसत नाही. जायचं आणि परत यायचं. म्हणून सामानाचे दोन भाग करा: रोजचं, आणि तीन वर्षं झोपणारं. झोपणारं सामान वेगळं बांधावं लागतं आणि ते पॅकर्सवाले करत नाहीत, त्यांची बांधणी एका दिवसापुरती. पैठणी, शालू प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका, धुतलेल्या सुती पंच्यात गुंडाळा आणि वर्षातून दोनदा काढून घडी मोडा. पितळेची, तांब्याची भांडी घासून, उन्हात कोरडी करून, कागदात. खोका ओलसर भिंतीला टेकवायचा नाही, जमिनीवर ठेवायचा नाही, खाली दोन फळ्या. लाकडी सामानाला वाळवी आणि दिवाणाला ढेकूण आहेत का ते निघायच्या आधी बघा. दुसऱ्याच्या घरात ती भेट घेऊन जाणं बरं नाही, आणि डिपॉझिटमधून तो खर्च कापला जातो तेव्हा बोलायला तोंड राहत नाही. फोटोंचे अल्बम झोपवू नका. ते वर, हाताशी ठेवा. दुपार मोठी असते नवीन जागी.

पाटा-वरवंटा? माझं मत विचाराल तर सोडा. पण आधी त्यावर एकदा चटणी वाटून खा.

कोठी मात्र आतापासून संपवायला घ्या. वर्षाचे तांदूळ यंदा भरू नका. डाळींचे अर्धवट डबे, तळाशी राहिलेला रवा, तीन प्रकारचं बेसन, सगळं ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानात आलं पाहिजे. आमच्याकडे शेवटचे दहा दिवस रोज मिश्र डाळींचं काहीतरी असायचं, यजमानांनी त्याला ‘स्थलांतराची आमटी’ नाव दिलं होतं. लोणच्याच्या बरण्या टेम्पोत द्यायच्या नाहीत. तोंडाला दादरा बांधायचा, वर प्लॅस्टिक, वर सुतळी, आणि बरणी स्वतःच्या मांडीवर. तेल गळलं तर आपल्याच साडीवर, दुसऱ्याच्या गादीवर तरी नाही.

आता “पॅकर्सवाले सगळं करतात” याबद्दल. करतात. सगळं म्हणजे खरोखर सगळं बांधतात. आमच्याकडे त्यांनी सुपली आणि तिच्यातला केर, असं दोन्ही कागदात गुंडाळून, वर ‘नाजूक’ असं लिहून ऐरोलीला आणून दिलं. टाकायचं काय हे त्यांना कळणार कसं? तेव्हा यजमानांना एक काम द्या, बाकी काही नको. किमान तिघांना घरी बोलवायचं, सामान दाखवायचं आणि लेखी आकडा घ्यायचा. फोनवरचा आकडा हा आकडा नव्हे. लेखी काय हवं: जुनं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, माणसं किती येणार, कपाट-पलंग खोलणं आणि परत जोडणं धरलंय का, खोकी, बबल रॅप, कर धरून आहे का, नवीन घरी खोकी खोलीत ठेवणार की दारात, काही फुटलं तर भरपाई कशी. आमच्या वेळी ठरलेल्या रकमेवर, टेम्पो खाली उभा करून, “गेटपासून लांब चालावं लागतंय” म्हणत वरचे पैसे मागितले. सामान त्यांच्या गाडीत, आपण रस्त्यावर. देणार नाही तर काय. म्हणून सगळे पैसे आधी द्यायचे नाहीत, मोठा भाग सामान मोजून घेतल्यावर.

एसी काढायला स्वतःचा मेकॅनिक बोलवा, तो गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेऊन मग पाइप सोडतो. हमालाने नुसता उपटला तर पुढे गॅस भरायचा खर्च. वॉशिंग मशीन समोरून उघडणारी असेल तर ड्रम आवळायचे बोल्ट लागतात, कंपनीने दिले होते ते नक्की माळ्यावर कुठल्यातरी पिशवीत आहेत. फ्रिज आदल्या रात्री बंद, रिकामा, पुसलेला, आणि नेताना उभा. पोचल्यावर दोनतीन तास तसाच राहू द्या, मग चालू करा. इन्व्हर्टरची बॅटरी आडवी करायची नाही.

दिवस ठरवताना महिनाअखेर आणि शनिवार-रविवार टाळा. भाड्याची घरं एक तारखेला बदलतात, त्यामुळे सगळे टेम्पो आणि सगळे हमाल तेव्हाच धावत असतात. नवीन सोसायटीला आधी विचारा: सामान चढवायची वेळ कोणती, रविवारी चालतं का, कुठली लिफ्ट, डिपॉझिट किती, घरमालकाचं पत्र लागतं का. यातला एक कागद नसला की वॉचमन गेटवर थांबवतो, आणि वॉचमनपुढे आजवर कोणाचं चाललेलं नाही. गोखले रोडच्या आसपास सकाळी आठनंतर टेम्पो लावायला जागा मिळणं तुम्हाला सांगायला नको. सातला भरायला लागा. तीन हात नाका, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ: अंतर दहा-बारा किलोमीटरचं, पण घोडबंदर रोड मनात आणेल तेव्हा त्याचा अर्धा दिवस करतो.

कागदांचं भराभर सांगते. करार नोंदवला आहे असं तुम्ही लिहिलंय म्हणून पुढे बोलते. नोंदवलेला नसता तर या पत्राचं उत्तर एका ओळीत संपलं असतं, चावी देऊ नका. पुनर्विकासासाठी शासनाने सहकारी संस्था अधिनियमाच्या ७९अ कलमाखाली ४ जुलै २०१९ रोजी सुधारित निर्देश काढले आहेत, ते सोसायटीच्या सेक्रेटरींकडे असतील, एकदा वाचा. बिल्डरकडून येणाऱ्या भाड्याचे पुढचे चेक हातात आहेत का, आणि बांधकाम लांबलं तर भाडं चालू राहील असं कलम आहे का, एवढं तरी पाहाच. रिकाम्या घराचे फोटो, प्रत्येक भिंतीचे, चावी देण्याआधी काढा. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मूळ करार, मालमत्ता कराच्या पावत्या यांची एक फाइल, आणि ती फाइल टेम्पोत नाही, तुमच्या खांद्यावरच्या पिशवीत. दागिने बँकेत. सासूबाईंच्या गोळ्या, डॉक्टरांचे कागद, चष्मा त्याच पिशवीत.

भाड्याच्या घराचा करार किती महिन्यांचा आहे? लोक सवयीने अकरा महिन्यांचा करतात. तुम्हाला तीन वर्षं राहायचंय. अकरा महिन्यांनी मालकाचं मन फिरलं तर तिसरं स्थलांतर, तेही ऐन मोसमात. छत्तीस महिन्यांचा करार होतो, मागा. आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार नोंदवावा लागतो, ती जबाबदारी घरमालकाची आहे. भाडेकरूची पोलिस पडताळणीही त्यांनाच करायला सांगा, प्रत तुमच्याकडे ठेवा. जुन्या घराचं शेवटचं वीजबिल, पाइपच्या गॅसचं बिल भरून पावत्या ठेवा. दोन्हींचे ग्राहक क्रमांक एका वहीत लिहा, तीन वर्षांनी उपयोगी पडतील.

मुलगा. दहावीचं वर्ष आणि शाळा नौपाड्यात, हे तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकलंत, मला ते सर्वांत काळजीचं वाटलं. राहायला जायच्या आधी एखाद्या कामाच्या दिवशी, शाळेच्या वेळेला, त्याला तिथून निघून शाळेपर्यंत येऊन बघू दे. एकदा नाही, दोनदा. रविवारी पंचवीस मिनिटं लागतात म्हणून सोमवारी तेवढीच लागतील असं समजू नका. फारच वेळ जात असेल तर फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेपर्यंत आठवड्यातले काही दिवस तो मावशीकडे, आत्याकडे, कुणा मित्राकडे राहू शकेल का ते आताच बोलून ठेवा. त्याची पुस्तकं शेवटी बांधायची आणि पहिली उघडायची, त्या खोक्यावर लाल पट्टी. नवीन घरात टेबल, दिवा आणि खुर्ची पहिल्या संध्याकाळी लागली पाहिजे, मग हॉलमध्ये चालायला वाट नसली तरी चालेल. आणि त्याला सामान बांधण्यातून सूट देऊ नका. इंटरनेटचं कनेक्शन हलवणं त्याच्याकडे द्या. त्या कामात तो कसूर करणार नाही.

एक माणूस तुमच्या पत्रात नाही, पण घरात असेल: धुणंभांडी करणाऱ्या मावशी. त्या कासारवडवलीला येऊ शकणार नाहीत. त्यांना आजच सांगा, शेवटच्या आठवड्यात नको. तुमच्या इमारतीतली सगळी घरं एकदम सुटणार म्हणजे त्यांचा सगळा महिना एकदम जाणार. दिवाळीशिवाय एक पगार वरचा द्या आणि दुसऱ्या बिल्डिंगमधल्या चार घरांत त्यांचं नाव सांगा. सासूबाईंच्या मनात ज्या भांड्यांसाठी अजून कोणाचं नाव आलेलं नाही, त्यांतलं निम्मं इथे जाईल, बघा.

खोक्यांवर काय लिहायचं हे मी चुकून शिकले. मी अकरा खोक्यांवर ‘किरकोळ’ लिहिलं होतं. घाईत सगळंच किरकोळ वाटतं. कुकर पहिल्या दिवशी सापडला, शिट्टी सापडली मार्गशीर्षात, सहाव्या ‘किरकोळ’मध्ये, स्क्रूड्रायव्हर आणि राखीच्या शेजारी. तेव्हा खोक्याला आकडा द्या आणि वहीत आकड्यापुढे आतलं सामान लिहा. खोक्यावर वरच्या आणि बाजूच्या अंगाला फक्त आकडा आणि नवीन घरातली खोली. ‘चांदी’ असं मोठ्या अक्षरात लिहिणारे लोकही मी पाहिलेत. पलंगाचे स्क्रू कापडी पुरचुंडीत, पुरचुंडी पलंगाच्याच पट्टीला बांधलेली. आणि एक बादली वेगळी: तिच्यात चहा, साखर, दुधाची पिशवी, एक पातेलं, गाळणं, चार कप, लायटर, मीठ, कात्री, चार्जर, बल्ब, साबण, पंचा, बिस्किटं. ही बादली सर्वांत शेवटी चढते आणि सर्वांत आधी उतरते. अंथरुणांचं एक बोचकंही तसंच. पहिल्या रात्री खोकी उघडायची नाहीत. अंथरूण टाकून झोपायचं.

देव शेवटी निघतील आणि आधी पोचतील, हे सासूबाई ठरवतीलच. त्यांना टेम्पोच्या मागून रिक्षाने, देव मांडीवर घेऊन, यजमानांबरोबर पाठवा. तुम्ही टेम्पोच्या आधी पोचा, वॉचमनशी बोलायला. भाड्याच्या घराची वास्तुशांत करावी लागते का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. माझ्या मते नाही, ती परत आल्यावर स्वतःच्या घराची करा, थाटात. पाण्याचा कलश, मीठ, नवीन झाडू आत न्या, दूध उतू जाऊ द्या, पुरे. दूध उतू घालवायचं काम सासूबाईंचं. शेगडी पुसायचं तुमचं, तेवढं सोसा.

पोचल्यावर पहिल्या आठवड्यात एक दिवस ठरवून टाका, गुरुवार म्हणा, शनिवार म्हणा, सासूबाईंचा नौपाड्याचा दिवस. भजन, देवळात जाणं, त्यांच्या डॉक्टरांकडे तपासणी, सगळं त्या दिवशी. रिक्षाचे पैसे महिन्याच्या हिशेबात धरा, वीजबिलासारखे. आणि महिन्यातून एकदा ते मंडळ तुमच्याकडे. वॉचमनच्या वहीत नावं लिहायला वेळ लागेल, लागू दे. जमिनीवर सतरंजी टाका. खुर्च्या कमी पडतील.

तुमची,
ताई

ता. क. नौपाड्यात तुमच्याकडे पाइपचा गॅस असेल असं धरते. नवीन घरी सिलिंडर असेल तर तीच शेगडी तशीच जोडू नका. पाइपच्या गॅससाठी जेटची भोकं मोठी केलेली असतात, सिलिंडरवर ज्वाळा भलतीच मोठी होते. आधी माणूस बोलावून जेट बदलून घ्या, मग दूध ठेवा. कुकरची शिट्टी पर्समध्ये.